अलाबामाच्या काळ्या रानात

बुधवार : अटलांटा ते टस्कीगी

मामांनी सगळी नोकरी परभणी जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत मेडिकल ऑफिसर म्हणून काढली. आमच्याकडे अटलांटाला आल्यावर आम्ही त्यांना मत्स्यालय दाखवलं, कोकाकोलाचं म्युझियम दाखवलं, आणि दोन्हीकडे ते सज्जनपणे कंटाळले. सीडीसीच्या संग्रहालयात मात्र त्यांचा पाय निघेना. अख्ख्या जगाला साथरोगांचे धडे देणारी ही संस्था १९४६ साली मलेरियाच्या कामातून उभी राहिली, म्हणजे मूळ आपल्याच खात्यातली, याचा त्यांना मोठा आनंद झाला. बाहेर पडताना त्यांनी विचारलं, "ते टस्कीगी इथून किती लांब गं? एमबीबीएसला एक ओळ होती त्याच्यावर."

गाडीने दोन-सव्वादोन तास. मग ठरलंच. टस्कीगीला जायचं, तिथून माँटगोमेरी, आणि पुढे 'ब्लॅक बेल्ट' म्हणतात त्या पट्ट्यातल्या काउंट्या पाहायच्या. काउंटी म्हणजे कामापुरता आपला तालुका समजा. मुख्य गाव, कोर्ट, शेरीफ आणि आरोग्य खात्याची कचेरी एवढं प्रत्येकीत असतं. रुग्णालय असेलच असं नाही.

वेस्ट पॉइंटजवळ जॉर्जिया संपलं आणि फोनवरचं घड्याळ आपोआप एक तास मागे गेलं. दुपारच्या आत आम्ही टस्कीगीच्या मेकन काउंटीत होतो.

टस्कीगीची गोष्ट पुष्कळांना ढोबळ माहीत असते. १९३२ साली अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने इथल्या सहाशे काळ्या पुरुषांवर एक अभ्यास सुरू केला. ३९९ जणांना सिफिलिस होता, २०१ जणांना नव्हता. त्यांना आजाराचं नाव कधी सांगितलंच नाही. 'रक्त बिघडलंय' एवढंच सांगितलं. उपचार न केल्यास रोग माणसाचं काय करतो हे पाहायचं होतं, आणि १९४७ पर्यंत पेनिसिलिन हा सिफिलिसचा रूढ उपचार झाला तरी ते या माणसांपर्यंत पोहोचू दिलं गेलं नाही. हे चाललं १९७२ पर्यंत. पीटर बक्स्टन नावाच्या खात्यातल्याच एका माजी कर्मचाऱ्याने बातमी फोडली तेव्हा थांबलं. रोझा पार्क्सचे वकील फ्रेड ग्रे यांनी दावा लावला, १९७४ मध्ये साधारण एक कोटी डॉलरवर तडजोड झाली, आणि राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी माफी मागितली ती १६ मे १९९७ रोजी.

ग्रे यांच्याच पुढाकाराने गावात उभ्या राहिलेल्या छोट्या संग्रहालयात त्या माणसांची नावं आहेत. मामा प्रत्येक नाव ओठ हलवत वाचत होते. पण त्यांना थांबवलं ते वेगळ्याच गोष्टीने. तपासणीला येणाऱ्याला गरम जेवण, ने-आण करायला गाडी, आणि मेल्यावर शवविच्छेदनाला परवानगी दिली तर अंत्यविधीचा खर्च. "हे सगळं आम्हीही करतो," ते म्हणाले. "जेवण, गाडी, पैसे. शिबिराला माणूस आणायचा तर असंच आणतात. यात चुकीचं काहीच दिसत नाही, हेच भयंकर आहे."

मग गाडीत बसल्यावर त्यांनी आपली गोष्ट सांगितली. ते नोकरीला लागले तेव्हा आणीबाणी उठून काही वर्षं झाली होती. तरी खात्याची जीप गावच्या शिवेवर दिसली की बाप्ये उसात पळायचे. १९७६ च्या नसबंदीच्या मोहिमेची ती दहशत होती. जीपमध्ये गोवराची लस होती, पण ते कुणी विचारत नव्हतं. "एका साहेबाच्या टार्गेटपायी पुढच्या दहा वर्षांची लस गेली माझी."

टस्कीगी म्हटलं की तो अभ्यासच आठवतो, हा त्या गावावर थोडा अन्याय आहे. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी काळ्यांच्या शिक्षणासाठी उभी केलेली टस्कीगी संस्था इथलीच. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांनी इथूनच १९०६ साली घोडागाडीवरची फिरती शेतीशाळा काढली आणि पुढे त्या फिरत्या शाळेबरोबर नर्सही खेडोपाडी जाऊ लागली. १९१५ मध्ये वॉशिंग्टन यांनी काळ्या समाजासाठी आरोग्य सप्ताह सुरू केला. घर झाडा, विहीर झाका, डासांची डबकी बुजवा असा तो कार्यक्रम. मामांना वाटलं, हे तर आपलं ग्रामस्वच्छता अभियान. १९४१ मध्ये इथे पोलिओ झालेल्या काळ्या मुलांसाठी केंद्र उघडलं, कारण इतर ठिकाणी त्यांना दारात उभं करत नसत. आणि १९५३ साली साल्क यांच्या पोलिओ लसीच्या चाचण्यांसाठी लागणाऱ्या हेला पेशी (प्रयोगशाळेत वाढवता येणाऱ्या मानवी पेशी) याच संस्थेच्या प्रयोगशाळेत वाढवून आठवड्याला हजारो नळ्या देशभर पाठवल्या जात. जगाला पोलिओच्या लसीसाठी मदत करणारी प्रयोगशाळा आणि पेनिसिलिन नाकारणारा अभ्यास, दोन्ही एकाच गावात, एकाच काळात.

संस्थेचं जॉन अँड्र्यू रुग्णालय १९८७ मध्ये बंद पडलं. आता त्या इमारतीत वैद्यकीय नीतीचं केंद्र आहे. नीतीचं केंद्र हवंच, त्याबद्दल वाद नाही. पण रात्री छातीत कळ आली तर माणसाला दुसऱ्या काउंटीची वाट धरावी लागते.

मुक्काम माँटगोमेरीला. मोटेलमध्ये मायक्रोवेव्ह होता, म्हणून घरचा मसालेभात वाचला.

गुरुवार : माँटगोमेरी, मग लाउन्डेस काउंटी

सकाळी राजधानी पाहून घेतली. पांढराशुभ्र कॅपिटल, समोर उताराचा रस्ता, त्याच्या सुरुवातीलाच डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांचं जुनं चर्च. कॅपिटलच्या आवारात डॉ. जे. मॅरियन सिम्स यांचा पुतळा आहे. बाळंतपणात होणाऱ्या फिस्टुलावरची (मूत्राशय आणि योनी यांच्यात पडणाऱ्या भोकावरची) शस्त्रक्रिया त्यांनी याच शहरात, १८४० च्या दशकात, गुलाम स्त्रियांवर वारंवार करून बसवली, आणि तीही भूल न देता. अनार्का, लूसी आणि बेट्सी ही त्यांतली तीन नावं तेवढी राहिली. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला सिम्स यांचा पुतळा २०१८ साली हलवला. इथला जागच्या जागी आहे. मात्र मिशेल ब्राउडर या शिल्पकार बाईंनी २०२१ मध्ये गावातच त्या तिघींचे उंचच्या उंच लोखंडी पुतळे उभे केले. आम्ही दोन्ही पाहिले. मामांनी सिम्सचा फोटो काढला नाही.

माँटगोमेरीच्या वैद्यकाची दुसरी बाजूही सांगायला हवी. १९०२ साली इथल्या डॉ. ल्यूथर लिओनिडास हिल यांनी एका गरीब वस्तीतल्या खोपटात, रॉकेलच्या दिव्यांच्या उजेडात, भोसकलेल्या तेरा वर्षांच्या काळ्या मुलाच्या हृदयाला टाके घातले आणि मुलगा वाचला. अमेरिकेतली अशी ही पहिली यशस्वी शस्त्रक्रिया. हे डॉक्टर जंतुरहित शस्त्रक्रियेचे जनक जोसेफ लिस्टर यांच्या हाताखाली शिकलेले, म्हणून स्वतःच्या मुलाचं नाव ठेवलं लिस्टर. तो लिस्टर हिल पुढे सिनेटर झाला आणि १९४६ च्या ज्या कायद्याने खेड्यापाड्यांत रुग्णालयं बांधायला केंद्राचा पैसा मिळाला, त्या कायद्याला त्याचं नाव आहे. त्याच कायद्यात काळ्यांसाठी 'वेगळी पण समान' सोय चालेल असं कलमही होतं. कोर्टाने ते १९६३ मध्ये उडवलं. बाप काळ्या पोराच्या घरी जाऊन शस्त्रक्रिया करतो आणि लेक कायद्यात दोन दारं ठेवतो. अलाबामात असं चांगलं-वाईट एकाच गाठोड्यात मिळतं.

अकरानंतर हायवे ८० ला लागलो. लाउन्डेस काउंटीची हद्द आली आणि मामांनी गाडी थांबवायला लावली. रस्त्याकडेला उतरले, खाली वाकले, मूठभर माती उचलली, थुंकी लावून मळली आणि बोटांत तिची वळी केली.

"अगं, हे तर काळं रान आहे! आपल्या पूर्णेकाठचं!"

तीच ती. या पट्ट्याचं नाव मुळात मातीच्या रंगावरूनच पडलेलं. ओली झाली की फुगते, चिकटते, पाणी खाली जाऊ देत नाही. वाळली की भेगा पडतात. कापूस उत्तम येतो. या कापसासाठीच इथे माणसं गुलाम म्हणून आणली, आणि त्यांचे वारस अजून इथेच राहतात. दहा हजारांच्या आसपास लोकवस्ती, दहातले सात काळे. काउंटीत रुग्णालय नाही.

पण लाउन्डेस जगाला कळलं ते रुग्णालय नाही म्हणून नव्हे. ते कळलं घरांच्या मागे साचणाऱ्या मैल्यामुळे. विखुरलेली घरं, गटार योजना नाही. घरमालकाने स्वतःची सेप्टिक टँक बसवायची. टाकीतून निघणारं पाणी जमिनीत जिरायला हवं, आणि ही जमीन तर जिरवतच नाही. पाऊस झाला की टाकी उलटी वाहते, मोरीतून, न्हाणीतून घाण वर येते. ज्यांना टाकीच परवडत नाही त्यांनी संडासाचा पाइप सरळ घरामागे काढून दिलेला असतो. या मातीत चालेल अशी, वाळूचा उंचवटा करून बांधायची व्यवस्था करायला पंधरा-वीस हजार डॉलर लागतात, कधी त्याहूनही जास्त. म्हणजे ज्यात माणूस राहतो त्या जुन्या ट्रेलरच्या किमतीइतके.

मामा लगेच शोषखड्ड्यांवर आले. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीने घरोघर शोषखड्डे करून गटारं आणि डास दोन्ही घालवले, हे त्यांचं आवडतं उदाहरण. "काळ्या रानात खड्डा मुरूम लागेपर्यंत न्यायचा असतो. वरवर खणून भागत नाही." मी फोनवर भूगर्भाची माहिती काढून दिली. इथे खाली मुरूम नाही, खडूचा दगड आहे, तोही पाणी धरून ठेवतो. मामा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मग हे घरमालकाचं काम नाही. हे सरकारचं काम आहे."

सरकारने बरीच वर्षं याच्या उलट केलं. परवान्याची टाकी नसणं हा राज्याच्या कायद्याने गुन्हा. शतकाच्या सुरुवातीला लोकांना नोटिसा गेल्या, काहींना अटकही झाली. गरीब माणसाला टाकी नाही म्हणून बेड्या! याच काउंटीत वाढलेल्या कॅथरीन कोलमन फ्लॉवर्स यांनी हा विषय लावून धरला. २०१७ मध्ये टेक्सासच्या संशोधकांनी इथल्या ५५ जणांची शौचतपासणी केली, त्यांतल्या १९ जणांत हुकवर्मचे अंश सापडले. नमुना लहान, त्यावरून सगळ्या काउंटीबद्दल बोलू नये, हे मामांनीही बजावलं. तरीही ज्या जंताच्या निर्मूलनासाठी रॉकफेलरांनी १९०९ साली दक्षिणेत दहा लाख डॉलर ओतले, त्याचं नाव एकविसाव्या शतकात पुन्हा निघावं! आपल्याकडे २०१५ पासून फेब्रुवारीत जंतनाशक दिवस असतो, शाळेत अल्बेंडाझोलची गोळी देतात. मामांच्या मते गोळी सोपी, संडास अवघड.

पुढे केंद्राच्या न्याय खात्याने चौकशी केली. मे २०२३ मध्ये राज्याच्या आरोग्य खात्याशी करार झाला : कारवाया थांबवायच्या, घरांची पाहणी करायची, टाक्या बसवायला मदत करायची. एप्रिल २०२५ मध्ये नव्या सरकारने तो करार मोडीत काढला. आम्ही हेनविलच्या आसपास आडरस्त्यांनी फिरलो तेव्हा दोन-तीन अंगणांत नवे उंचवटे दिसले, गवत अजून न धरलेले. लोकांच्या मागच्या अंगणाचे फोटो मी काढले नाहीत. त्यांच्या घाणीचे फोटो जगभर पुष्कळ फिरलेत.

व्हाइट हॉलला राष्ट्रीय उद्यान खात्याचं माहिती केंद्र आहे, प्रवेश फुकट. १९६५ च्या सुरुवातीला या काउंटीत बहुसंख्य लोक काळे, आणि मतदार यादीत त्यांतला एकही नाही. नाव नोंदवलं म्हणून जमीनदारांनी कुळांना घराबाहेर काढलं, ती कुटुंबं तंबूत राहिली, दोन वर्षांहून जास्त. हे केंद्र त्याच जागेवर आहे. मतदानाचा आणि संडासाचा काय संबंध, असं कुणाला वाटेल. आमच्या मामांना नाही वाटलं. पाणीपुरवठ्याची लाइन कुठल्या वाडीला आधी जाते हे त्यांनी तीस वर्षं पाहिलंय.

रात्री सेल्मात जेवताना त्यांनी विचारलं, "पण गरिबांसाठी सरकारी विमा आहे ना इथे?"

आहे, मेडिकेड. मात्र २०१० च्या कायद्याने तो जास्त लोकांना द्यायचा ठरला आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते राज्यांच्या मर्जीवर सोडलं. अलाबामाने वाढवला नाही. मूलबाळ नसलेला धडधाकट प्रौढ कितीही गरीब असो, त्याला मेडिकेड नाही. आईबापांना मिळतो, पण तिघांच्या कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला पाच हजार डॉलरच्याही आत असेल तर. मामांना वाटलं मी महिन्याचं सांगतेय. आमचं जॉर्जियाही त्याच यादीत आहे, हे मी जरा खाली मान घालून सांगितलं. विमा नसलेले रोगी आले की बिल वसूल होत नाही, आणि लहान रुग्णालयं त्यातच झिजतात. इथून तासा-दीड तासावर थॉमसव्हिलमध्ये २०२० साली कोरं करकरीत रुग्णालय उघडलं, ते २०२४ मध्ये बंदही झालं.

शुक्रवार : सेल्मा, कॅमडेन, जीज बेंड

एडमंड पेट्टस पूल चालत ओलांडला. त्याबद्दल इतरांनी पुष्कळ लिहिलंय, मी लिहीत नाही. ७ मार्च १९६५ रोजी मतदानाच्या हक्कासाठी मोर्चा काढणाऱ्यांची पुलावर पोलिसांनी फोडलेली डोकी शिवली कुणी, हे मात्र कमी लोक विचारतात. कॅथलिक नन्सच्या गुड समॅरिटन रुग्णालयाने. काळ्या रुग्णांसाठी या भागात मुख्य तेच होतं. त्याआधी फेब्रुवारीत मॅरियन गावात तशाच मोर्चात पोलिसाची गोळी लागलेला जिमी ली जॅक्सनही तिथेच आणला आणि आठ दिवसांनी तिथेच गेला. १९८३ मध्ये हेही रुग्णालय बंद झालं. समानता आली, काळे रुग्ण सगळीकडे जाऊ लागले, आणि त्यांची स्वतःची रुग्णालयं एकेक करून मिटली. हा दोष समानतेचा नाही, पण हिशोबात तो तोटा कुणी धरला नाही.

दुपारी विलकॉक्स काउंटीत कॅमडेनला. तिथून फेरीबोट. समोर नदीच्या वळणात जीज बेंड. तिन्ही बाजूंनी पाणी. १९६२ साली तिथले लोक मतदार नोंदणीसाठी कॅमडेनला येऊ लागले आणि फेरी बंद करण्यात आली. ती पुन्हा सुरू झाली २००६ मध्ये. मधली ४४ वर्षं पलीकडे दिसणाऱ्या गावातल्या डॉक्टरकडे, दुकानात, कचेरीत जायचं तर रस्त्याने वळसा घालून तासभर. अडलेल्या बाईने काय करायचं? सुईण होती म्हणून निभावलं. अलाबामात पिढ्यान्‌पिढ्या काळ्या सुइणींनीच बाळंतपणं केली. ग्रीन काउंटीच्या मार्गारेट चार्ल्स स्मिथ यांनी तीन हजारांहून जास्त. १९७६ मध्ये राज्याने कायदा करून त्यांचं काम थांबवलं. रुग्णालयात बाळंत होणं सुरक्षित, हे मामा ठामपणे म्हणतात. पण मग रुग्णालयंही प्रसूतिविभाग बंद करू लागली. शेजारच्या मनरो काउंटीतला २०२३ मध्ये बंद झाला. आपल्याकडे निदान सुईणीला आधी प्रशिक्षण दिलं, पेटी दिली, मग आशाताई आल्या. मधला काळ अगदीच मोकळा नव्हता.

सध्याची फेरी विजेवर चालते, आवाज जवळपास नाही. पाव तासात पलीकडे. धरणाच्या फुगवट्याचं संथ पाणी, काठाला कमळासारखी पानं. गाव म्हणजे लांब लांब घरं आणि वाकळा. हो, वाकळाच. इथल्या बायकांनी जुन्या कामाच्या कपड्यांच्या तुकड्यांतून शिवलेल्या क्विल्ट आता मोठमोठ्या संग्रहालयांत टांगलेल्या आहेत. शिवणघरातल्या एका आजींना मी आमच्या गोधडीचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावून टाके पाहिले आणि म्हणाल्या, टाका बारीक आहे, पण रंग जोडताना तुमची माणसं फार शिस्तीत वागतात. मग मामा डॉक्टर आहेत कळल्यावर गुडघा दाखवला. मामांनी तिथेच खुर्चीवर बसवून पाहिला, माझ्याकडून दुभाष्याचं काम करून घेतलं, औषध काही दिलं नाही, मांडीच्या स्नायूंचा व्यायाम शिकवला. आजींनी विचारलं, फी किती? पुढची फेरी चुकता चुकता राहिली.

शनिवार : मॅरियन, आणि परत

परतीच्या वाटेवर थोडा उलटा फेरा घालून पेरी काउंटीतल्या मॅरियनला गेलो. मामांचाच हट्ट. टीबी हा त्यांचा विषय. साडेतीन हजार वस्तीच्या या गावात २०१४ पासून टीबीची साथ पसरत गेली. तपासायला लोक येईनात, कुणाच्या संपर्कात होतो हे सांगेनात. जानेवारी २०१६ मध्ये आरोग्य खात्याने पैसे लावले : तपासणीला आलात तर वीस डॉलर, निकाल घ्यायला परत आलात तर वीस, एक्स-रेला वीस, उपचार पूर्ण केलेत तर शंभर. मग मात्र रांगा लागल्या.

गावच्या चौकात बाकावर बसून आमचा वाद झाला. मी म्हटलं, टस्कीगीलाही पैसेच दिले होते, अंत्यविधीचे. लोकांनी सावध राहायचं की रांगेत उभं राहायचं? मामा म्हणाले, दोन्हीत फरक आहे. तिथे पैसे देऊन आजार लपवला, इथे पैसे देऊन सांगितला. शिवाय तपासणीला येणाऱ्याचा दिवस बुडतो, गाडीचं पेट्रोल जातं. ती बुडालेली मजुरी भरून दिली तर ती लाच नव्हे. आपल्याकडे निक्षय पोषण योजनेत २०१८ पासून टीबीच्या रुग्णाला महिन्याला ५०० रुपये मिळत होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. "तेही घरी दूध-अंडी यावीत म्हणून. रोग्याला बरं होणं परवडलं पाहिजे."

मला हे पटलं, पण पूर्ण नाही. वीस डॉलरसाठी रांग लागते याचा अर्थ लोकांचा विश्वास बसला असा होत नाही. त्यांना वीस डॉलरची गरज होती एवढाच होतो. मामांनी मान डोलावली आणि कॉफीचा घोट घेऊन म्हणाले की विश्वासाला वेळ लागतो, जंतूला लागत नाही. त्यामुळे आधी एक्स-रे.

कुणाला जायचं असेल तर : अटलांटाहून निघालात तर सीमेवरचा घड्याळाचा तास लक्षात ठेवा, परतताना तो गमावायचा असतो. लाउन्डेस आणि विलकॉक्समध्ये आडरस्त्यांवर फोनला रेंज धड नसते, नकाशा आधीच उतरवून घ्या, पेट्रोल माँटगोमेरीत किंवा सेल्मात भरा. जीज बेंडची फेरी नदी चढली की बंद ठेवतात, म्हणून आधी फोन करून विचारा. शाकाहारी असाल तर कॉलर्ड ग्रीन्स मागण्याआधी त्यात डुकराचं मांस आहे का विचारा, बहुतेक असतंच. आणि नियमित घ्यायची औषधं पुरेशी बरोबर ठेवा. मामांची रक्तदाबाची गोळी शुक्रवारी संपली, आणि आम्हाला उघडं औषधाचं दुकान मिळालं ते थेट दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या काउंटीत.